भावाला अडवताना

८ एप्रिल १९८७, शिरगाव
रविवारी म्हापशाच्या क्लबाशी फुटबॉलचा सामना. त्यांचा सेंटर फॉरवर्ड साईश — माझा धाकटा भाऊ. एकाच घरातून निघणार, एकाच बसने जाणार, आणि मैदानात समोरासमोर. पुढच्या महिन्यात गोव्याच्या संघाच्या शिबिराला त्याचं बोलावणं आहे.

सराव संपल्यावर आमचे कोच गोपाळमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "कृष्णनाथ, तू आता तेहतीस. पाय जड झालेत. कंपनी नवा बॅक बघतेय. रविवारी साईश तुला चकवून गोल करून गेला, तर मला काही बोलता येणार नाही."

आमचा संघ खाण कंपनीचा; तिथल्या वजनकाट्यावरची माझी नोकरी खेळाडू म्हणूनच आहे. संघातून गेलो की तीही गेली.

चौदा वर्षं बॅकला, बचावात खेळलो. नाक दोनदा मोडलं. लोक फातर म्हणतात मला — दगड. समोरच्या फॉरवर्डला माझी धास्ती वाटावी, एवढंच मी कमावलं.

११ एप्रिल
देवकीला सांगितलं. माझी बायको साधी — "मग साईशभावजींना सांगा ना!" धाकट्या भावाकडे भीक मागू? नाही सांगणार.

१२ एप्रिल, रविवार
साईशने दोनदा चकवलं मला. दोन्ही वेळा गोलकीपरने वाचवलं. प्रेक्षकांतून कुणी तरी ओरडला, "फातर झिजलो रे!" कान तापले माझे.

तिसऱ्यांदा तो एकटाच बॉल घेऊन माझ्यावर आला. खांदा डावीकडे, बॉल उजवीकडे — ही चाल त्याला मीच शिकवलेली. मी तयार होतो. पण या वेळी त्याने काहीच केलं नाही. बॉल पायापासून लांब गेला. मी सगळं वजन टाकून आडवा गेलो. बॉल मिळाला. मग त्याचा गुडघा.

आवाज ऐकला मी.

आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

१३ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, साईश चालू शकेल. खेळायचं विसरा.

१९ एप्रिल
आई माझ्या ताटात भात वाढते, तोंडाकडे बघत नाही.

कंपनीने दोन वर्षं वाढवून दिली. मास्तर म्हणाले, "तुझा तो टॅकल बघून सायब खूश." पत्र पँटीच्या खिशातच आहे. घरी कुणाला दाखवू?

५ मे
लईराईची जत्रा झाली. साईश पाच वर्षं धोंड — व्रत धरून निखाऱ्यांवरून चालणारा. यंदा प्लास्टर घालून सोप्यावर बसला. बरोबरचे धोंड वेताच्या काठ्या वाजवत दारावरून गेले. तो मान वळवून दुसरीकडे बघत राहिला.
"उचलून नेऊ तुला देवळाकडे?" मी विचारलं.
"नको."
सामन्यानंतर माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

३० मे
गोवा आज राज्य झालं. कचेरीत पेढे वाटले. दोन घरी आणले. साईशने एक खाल्ला, दुसरा माझ्या हातावर ठेवला. मागीलदारी जाऊन रडलो. देवकीने पाहिलं. नुसती उभी राहिली. तिचा चेहरा मला कळला नाही.

६ जून
साईशने स्वतःहून विचारलं, "दादा, नोकरी ऱ्हवली मां?"
मी होकाराची मान हलवली. हे त्याला कुणी सांगितलं, ते मी विचारलं.
"वयनीन. सामन्याच्या आदल्या दिसा." म्हणजे देवकीने. मग त्याने आपल्या गुडघ्याकडे बघितलं. "बॉल मीच सोडलो तुका. तू तो घेवन जातलंस, असा वाटला. इतक्या जोरान येतलंस, असा नाय वाटला."