महिन्याला पाचशे रुपयांचं साहेबपण

मुलुंड, शनिवार

ती. वनमालाताईंना रेवतीचा वाकून नमस्कार.

लग्नानंतर माझी पहिली पगारवाढ झाली, तेव्हा नाना पेढा हातात धरून म्हणाले होते, "सूनबाई, पगारवाढ दारात आली की आधी तिच्या मागे कोण उभं आहे ते बघावं." मी खरंच दाराकडे बघितलं होतं. (दारात इस्त्रीवाला होता.) नाना गेले, पण त्यांचा संशय तुमच्या भावाने जपून ठेवला आहे. तुमचा गुडघा कसा आहे? बोरिवलीच्या त्या नव्या डॉक्टरवर विश्वास ठेवू नका असं श्यामकांतचं म्हणणं. कारण विचारलं तर म्हणतो, "फी कमी घेतो."

तर झालं असं. अंधेरीच्या आमच्या लॅबने मला विभागप्रमुख व्हाल का म्हणून विचारलं आहे. इतकी वर्षं मी लोकांच्या रक्ताच्या नळ्या बघतेय, पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे बघितलं. बारा लाख साठ हजारांचे पंधरा लाख होतील. उत्तर सोमवारी द्यायचं. मी येताना श्रीखंड आणलं. श्यामकांतने डबा उघडलाच नाही, कॅल्क्युलेटर उघडला. आज टॅक्स शून्य. उद्या पंधरा लाखांवर थेट पंधरा टक्के, वर सेस. वाढीतले उरतात वर्षाला सहा हजार. "महिन्याला पाचशे रुपयांत तू साहेब होणार? नाही म्हणून टाक. आपल्या ताईने नाही का बँकेतलं ऑफिसरपद सोडलं, याच स्लॅबपायी?"

मी तिसऱ्या मजल्यावरच्या गंधालीला बोलावलं. ती सीए आहे. (चहा देताना श्यामकांतने तिला आधी विचारलं, "तुला सरकारकडून काही मिळतं का गं?") ती म्हणाली, काका, पूर्ण पगाराला एकच दर नसतो. पंच्याहत्तर हजार आधीच वजा. मग पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चारांवर पाच टक्के, त्यापुढच्या चारांवर दहा, आणि पंधरा टक्के फक्त बाराच्या वरच्या तुकड्यावर. बारा लाखांपर्यंत सूट आहे म्हणून आज शून्य. ती सूट गेली तरी सेस धरून टॅक्स साडेसत्त्याण्णव हजारच होतो. वाढीतले एक लाख साडेबेचाळीस हजार काकूंचेच.

"म्हणजे आज शून्य आणि उद्या लाखभर! बघ, मी काय म्हणत होतो?"

"अहो काका, विजेच्या बिलासारखंच आहे. शंभर युनिटांच्या पुढच्या युनिटांनाच पुढचा दर."

ताई, तुमचा भाऊ सोसायटीचा खजिनदार. बिल घेऊन भांडायला येणाऱ्यांना तो दर उन्हाळ्यात हेच समजावतो. पण म्हणाला, "वीजवाले मीटर बघून जातात. हे माणूस बघून येतात." ती गेल्यावर दार नीट लावून घेतलं आणि हळूच मला विचारलं, "एवढं फुकटात का सांगितलं असेल तिने?"

मग मलाही संशयाची लागण झाली. वाटलं, बायकोचा पगार आपल्यापुढे जाईल हे तर याला टोचत नसेल? दोन दिवस त्याच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. (तो म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा. पण त्या दुकानात जाऊ नकोस.") तसं काही नाही हो. सकाळी माझा डबा भरताना म्हणाला, "तुला कुणी फसवू नये, एवढंच." तो घाबरलाय, आणि त्याचा पुरावा गणितात नाही, तुमच्यात आहे. "ताई एवढी वर्षं बँकेत होती. तिला कळत नव्हतं?" इथे माझं बोलणं संपतं. त्याला न जुमानता हो म्हणता येईल, पण त्याच्या धास्तीवर पाय ठेवून साहेब व्हायला मला जमत नाही. तेव्हा सोमवारी नाही म्हणेन. बाकी सगळं ठीक. काळजी करू नका.

तुमची,
रेवती

ता. क. गंधाली आज बोरिवलीला येतेय, तिच्या हाती द्यायला पत्र पाकिटात घातलं आणि परत काढलं. तुम्हाला कळत नव्हतं, हे मला पटेना. दिवाळीत तुमच्याकडे भेटलेल्या जान्हवीबाई सांगत होत्या की सगळ्या शाखेला टॅक्स तुम्हीच समजावून द्यायचात. मग स्वतःचाच कसा चुकला? त्या ऑफिसरपदाबरोबर भंडाऱ्याची बदली होती. नाना तेव्हा पक्षाघाताने पडून होते, आणि श्यामकांत बडोद्याच्या पहिल्या नोकरीवर निघाला होता. तुम्ही स्लॅबचं नाव पुढे केलंत, तो निर्धास्त गेला, आणि नाना बरे झाल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमची हुशारी सांगत राहिले. खरं ना?

ता. क. दुसरा. उद्या त्याला फोन करून एवढंच सांगाल का, की कारण स्लॅब नव्हतं? तुम्ही नाही म्हणणार, ठाऊक आहे मला. आपण बडोद्याला गेलो म्हणून ताईचं ऑफिसरपद राहिलं, हे मग तो जन्मभर मोजत बसेल. तुमच्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं. तरी विचारते. कराल?