सासूबाईंच्या हातचे माझे मांदू

ती. ताईस,

ग्यू-तेकचा कमरेत वाकता येईल तितका वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना गप्प असतो आणि उतरताना कुरकुरतो, असं तू लिहिलं होतंस. म्हणजे अगदी भावजींच्या वळणावर गेला. (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.) तू पाठवलेलं वाळवलेलं समुद्रशेवाळ पोचलं. इकडे वोन्जूत नळ गोठलेत, पण मी आणि सासूबाई खुशाल आहोत. हे वाक्य गेल्या आठवड्यात मला लिहिता आलं नसतं.

ओक-रान गेली, आणि बायकोच्या माघारी तीन वर्षं आम्ही सासू-जावई एकमेकांना धरून आहोत हे तू जाणतेस. पण पानगळीपासून सासूबाईंचे हात थरथरायला लागले. सूप तोंडापर्यंत पोचेतो चमच्यात चवीपुरतं उरतं. हे कळल्यावर सोलहून मेहुण्याचा, सू-इलचा, फोन आला. नववर्षाला येतो, येताना वृद्धाश्रमाचा फॉर्म आणतो, आईला आता साधी वाटीही धरवत नाही, वगैरे. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ये की. घरचे मांदू खा, सारण भरून तळलेले, मग बघू." फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, कणीक मळता येते का?" मी हो म्हणालो. (अठ्ठावीस वर्षं बसचं चाक फिरवलंय, कणीक ती काय, असं मला वाटलं.) जावई म्हणजे शंभर वर्षांचा पाहुणा म्हणतात ना, त्या पाहुण्याला परातीपुढे बसवण्यात आलं.

कणीक पहिल्यांदा दगड झाली, मग खळ झाली, आणि दोन्हींच्या मधली अवस्था माझ्या कोपरांना लागली. बीफचा खिमा, लसूण, कांद्याची पात, तिळाचं तेल इथवर ठीक होतं. पण सारणातला टोफू आणि मुगाचे मोड कोरडेठाक पिळायचे असतात, नाहीतर पारी फाटते. माझी मनगटं दुखायला लागली. तेव्हा मी दोन्ही एका उशीच्या अभ्र्यात भरलं, गाठ मारली आणि व्हरांड्यातल्या वॉशिंग मशीनमध्ये पिळायला लावलं. (हसू नकोस, खालच्या मजल्यावरच्या बाईही असंच करतात.) यंत्र आधी गुरगुरलं, मग उड्या मारत दाराकडे निघालं. चालकाशिवाय निघालेलं वाहन मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. गाठ सुटली होती. त्यानंतर टोफू कुठे कुठे सापडला ते लिहीत नाही, तुझं जेवण व्हायचं असेल.

दुसरा टोफू आणून जे मांदू केले ते तेलात पडताच तोंड वासून बसले. सारण बाहेर, पारी एकीकडे, आणि मी पातेल्याचं झाकण ढालीसारखं धरून मागे मागे भिंतीपर्यंत. सासूबाई हे सगळं जमिनीवर बसून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "गॅस बंद करा. एक पारी इकडे द्या."

ताई, आता जे लिहितोय त्यात मीठमसाला नाही. पारी घ्यायला पुढे आलेला हात पानासारखा कापत होता. पारी तळहातावर टेकली आणि तो थांबला. सारण ठेवलं, कडेला पाण्याचं बोट फिरवलं, घडी घातली आणि चिमटीने अशी मुरड घालत गेल्या की मला बोटं दिसलीच नाहीत, नुसत्या चुण्या पडताना दिसल्या. मांदू ताटात ठेवला की हात पुन्हा कापायचा. पुढची पारी आली की पुन्हा स्थिर. माझं लाटणं हातातच राहिलं. "बघताय काय, लाटा," म्हणाल्या.

तळायला मी उभा होतो. त्या चुलीकडे पाठ करून बसलेल्या, त्यातून डोळ्यांत मोतीबिंदू. तरी मधेच म्हणायच्या, "आता उलटा." उलटावा तर खालून नेमका सोनेरी. कढईचा आवाज बारीक झाला की त्यांना कळतं. मी कानाने इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस. चांगला अर्धा तास कान लावला, मला फक्त तेल ऐकू आलं. शेवटी मी हातातला झारा जरा अदबीने धरायला लागलो.

नववर्षाला सू-इल आला. पहिला मांदू कुरकुरला आणि त्याने लगेच दुसरा उचलला. अकरा खाल्ले. इतक्यात सोया सॉसची वाटी पुढे करताना सासूबाईंच्या हातून ती त्याच्या विजारीवर सांडली. तो त्यांच्या हातांकडे बघत राहिला. मग विचारलं, "आई, हे केले कुणी?" मी अभिमानाने खरं सांगायला तोंड उघडलं, तोच टेबलाखालून माझ्या मांडीला चिमटा बसला. (त्या चिमट्यालाही कंप नव्हता.)

"जावईबापूंनी," त्या म्हणाल्या. "पारीपासून सगळं. मी नुसती बसून होते."

सू-इल माझ्याकडे बघायला लागला. "दाजी, मला वाटायचं तुम्ही दोघं पाकिटातल्या शेवयांवर दिवस काढताय," म्हणाला. फॉर्म त्याने खिशातून काढलाच नाही. तो गेल्यावर मी सासूबाईंना जाब विचारला. त्या म्हणाल्या, "मी केले म्हटलं असतं, तर या वयात एवढे कष्ट कशाला, म्हणून उद्याच घेऊन गेला असता."

मी त्यांच्यापुढे वाकलो. त्यांनी मला ताटं विसळायला सांगितलं.

तुझा धाकटा,
ग्यू-तेक

ता. क. वॉशिंग मशीन चालतं. फक्त धुतलेल्या सदऱ्यांतून अजून मोड निघतात.

ता. क. २. आता मूळ काम. सू-इलची बायको रविवारी माझ्याकडे मांदू शिकायला येतेय. त्याआधी ती तुला फोन करून विचारील, दाजी लहानपणापासूनच असे सुगरण होते का. हो म्हण. तू जन्मात खोटं बोलली नाहीस हे साऱ्या घराला ठाऊक आहे, म्हणून तर तिला पटेल.