पिवळा मासा गेला त्या सकाळी

प्रिय राजवीरराव,

मागच्या मंगळवारी सकाळी अंघोळ आटोपून, देवापुढे बसायच्या आधी, मी तुमच्या टाकीतले मासे मोजले. पाच असायला हवे होते, चारच निघाले. पूर्णिमाचा लाडका पिवळा कुठेच दिसेना. झाकणाची जाळी जागेवर होती, खालची फरशी कोरडी होती, पाण्यात ना काटा ना खवला. आणि खरं लिहितो, मला बरं वाटलं.

पूर्णिमाला झटके आले आणि मुलगी झाली, एवढं तिच्या आईनं तुम्हाला कळवलंच आहे. बाळ चौदाशे ग्रॅमचं आहे, काचेच्या पेटीत आहे, श्वास आपला आपण घेतं. पूर्णिमा शुद्धीवर आहे, पण डाव्या डोळ्याला अजून धुरकट दिसतं आणि रक्तदाब हवा तसा उतरलेला नाही. धोका टळला असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. तुमच्या चौकीवर फोन लागतो तेव्हा तुमचा आवाज तुटतो, आणि माझा तर फोन न तुटताही तुटतो. म्हणून लिहायला बसलो. इथं दवाखान्याच्या बाकावरच लिहितोय, अक्षर समजून घ्या.

बदलीवर जाण्याआधी तुम्ही टाकी आमच्याकडे मांडून दिलीत, तेव्हा मला तिचं नवल वाटलं होतं. कोल्हापुरात, घाटाच्या अलीकडे, समुद्र घरात. जन्म दूध संघात लॅक्टोमीटर बुडवण्यात गेला, त्यामुळं पाण्याचा खारेपणा मोजायचा तुमचा काटा मला परका वाटला नाही. रोज सकाळी मीच बघायचो. तुम्ही सहा मासे ठेवले होतेत आणि मध्यभागी तो भोकाभोकांचा मोठा दगड. पूर्णिमा सातव्यात माहेरी आली ती दिवसभर समोर खुर्ची टाकून बसायची आणि बाळाशी बोलावं तसं माशांशी बोलायची.

पहिला मासा गेला तो तिच्या दुसऱ्या तपासणीच्या दिवशी. त्या तपासणीत डॉक्टरांनी रक्तदाब जास्त आहे म्हणून सांगितलं होतं. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं झालं तर वेळ न बघता घेऊन या, असंही सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. सगळं ऐकलं. घरी आलो तर निळा मासा नाहीसा. शेजारच्या शेवंताबाई वाटीभर ताक मागायला आल्या होत्या, त्या टाकीत डोकावून म्हणाल्या, "वंगाळ वाटून घेऊ नका आबा. घरावरचं त्यानं अंगावर घेतलं. मुकं जनावर हाय, पर जाणतंय सगळं." दोन दिवसांनी रक्तदाब पुन्हा बघितला तर खरंच कमी भरला.

राजवीरराव, मी चौथीपर्यंत गावच्या देवळातल्या शाळेत शिकलो, पुढं तालुक्याला. नेमानं पौर्णिमेला वाडीला जातो, पण दत्तापुढं कधी असलं काही मागितलं नाही. महाराजांनी कुठं सांगितलंय की माशाच्या जिवावर आपलं टाळा म्हणून? हे मला कळत होतं. पण पोटच्या पोरीची भीती एकदा घरात शिरली की माणूस मिळेल त्याला धरतो. दुसरा मासा गेला तेव्हा मी मनात हात जोडले. तिसरा गेला तेव्हा भीती उलटी झाली. मासेच संपले तर पुढचं कोण अंगावर घेणार? म्हणून मी गुपचूप नवे आणून सोडू लागलो. तुम्ही ठेवलेल्या सहांतला शेवटी तो पिवळा तेवढा उरला होता. बाकीचे दिसत नाहीत म्हणून पूर्णिमा विचारायची, तर दगडात लपलेत असं सांगायचो. मासे देणारे दादासो दुकानात हसून म्हणायचे, "पावणं, मासं पाळताय का खाताय?" एकदा मात्र त्यांनी गंभीरपणे सांगितलं, की तो दगड बाहेर काढा, तुमचा चोर त्याच्यातच असणार. मी हो म्हणालो आणि काढला नाही. चोर सापडावा असं मला वाटतच नव्हतं.

आता सोमवारचं. त्या संध्याकाळी दिवेलागणीला पूर्णिमा म्हणाली, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काहीतरी लुकलुकतंय. तिची आई लगेच उठली, पिशवी भरायला घेतली, रिक्षा बोलवा म्हणाली. मी म्हणालो, दिवसभर उकाडा होता, झोपू दे, सकाळी बघू. माझं ऐकायची घराला सवय आहे. सकाळी पिवळा नाहीसा झालेला दिसला आणि मी पूर्णिमाच्या कपाळाला अंगारा लावून म्हणालो, गेलं बघ, आता काही होत नाही. ती म्हणाली, "व्हय आबा, कमी वाटतंय." ते तिला वाटत होतं की माझ्याकडे बघून म्हणाली, हे मी अजून तिला विचारलेलं नाही. मी डबा घेऊन कामावर गेलो. साडेदहाला फोन आला. मी घरी पोचलो तेव्हा रिक्षात तिचे दात घट्ट मिटलेले होते आणि डोळे उघडे होते, पण ते कुणाला बघत नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, डोकं कधीपासून दुखत होतं? मी म्हणालो, आज सकाळपासून. पूर्णिमाच्या आईनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. पुढं कागदांवर तेच लिहिलं गेलं.

शनिवारी बाळाची धुतलेली फडकी आणायला घरी गेलो होतो. कुणी नव्हतं. मी दगड काढून बादलीत ठेवला आणि दादासोंनी सांगितलं होतं तसं वर गोडं पाणी ओतलं. थोड्या वेळानं एका भोकातून किडा बाहेर आला. येतच राहिला. माझ्या हाताएवढा लांब, तांबूस, चमकणारा, दोन्ही अंगांना बारीक पाय आणि तोंडाशी चिमट्यासारखे दात. मी तिथंच फरशीवर बसलो. कुणी कुणाचं काही अंगावर घेतलं नव्हतं. त्याला भूक लागत होती आणि तो खात होता, एवढंच. आणि एकेक मासा कमी झाला की मी आतून सुटकेचा श्वास टाकत होतो, तेव्हा माझ्या पोरीचा रक्तदाब मात्र चढतच होता. दगड तुमच्या मित्रानं दिला होता, पण त्याचा दोष तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दगडातला किडा कुणालाच दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मात्र मला स्वच्छ ऐकू आलं होतं.

पूर्णिमाच्या आईचं म्हणणं, हे तुम्हाला कळवू नये. तिथं तुमच्या हातात बंदूक आहे, मन स्थिर हवं. तिचं खोटं नाही. पण अठरा तारखेला तुम्ही रजेवर याल आणि नेहमीसारखे आधी माझ्या पायांशी वाकाल. त्याआधी तुम्हाला ठाऊक असावं, की ती सोमवारची संध्याकाळ ते मंगळवारची सकाळ हा वेळ मी वाया घालवला, दुसऱ्या कुणी नाही. पाया पडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणि नुसतं तुम्हाला लिहून भागणार नव्हतं. आज सकाळी डॉक्टर तपासायला आल्या तेव्हा मी पूर्णिमाच्या खाटेशी उभा राहिलो आणि तिच्या देखत सांगितलं की वेळ खोटी सांगितली होती, त्रास आदल्या संध्याकाळपासून होता, थांबवलं मी. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी कागद पुढं ओढला, जुनी वेळ खोडली, डोळ्याची आणि डोक्याची आणखी एक तपासणी लिहिली आणि म्हणाल्या, हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पूर्णिमा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिथंच उभा राहिलो, आणि तिला तपासणीला न्यायला आले तेव्हा खाट ढकलत बरोबर गेलो.

तुमचाच, अपराधी,
आकाराम