आबांची उलटी पावलं

आबा,

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि अजूनही तुम्ही माझ्याकडे पाठ करूनच येता. स्वप्नात येता असं नाही. भर दुपारी, व्याख्यान संपवून मी रिकाम्या सभागृहातून निघते तेव्हा दाराकडून कुणीतरी एकेक पाऊल मागं टाकत येतंय असं वाटतं. पांढरा सदरा, मानेवरचे बारीक कापलेले केस, कानामागचा तो तीळ. चेहरा दिसत नाही. भुताखेतांच्या विरोधात जन्मभर बोलणाऱ्या बाईने हे कुणाला सांगायचं? म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. हे कुठं पाठवायचं नाही, त्यामुळे नीट बोलता येईल असं वाटतं.

बोलायला तुम्हीच शिकवलंत. सुट्टीवर आलात की मला उसाच्या फडाच्या एका टोकाला उभी करायचात आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन ओरडायचात, "आता बोल! मिलिटरीत आवाज पोचला न्हाई तर माणूस मरतो!" मी पाठ केलेला धडा घसा फोडून म्हणायचे. पुढे उंब्रजच्या गणपतीत मी पहिल्यांदा देवऋषी, गंडेदोरे, अंगात येणं यांच्यावर बोलले, तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत ताठ बसला होता. निम्मा गाव उठून गेला, तुम्ही हलला नाहीत. घरी येताना एवढंच म्हणालात, "शेवटच्या माणसापतूर ऐकू आलं."

मग तो पाय. कॅनॉलच्या कडेला तुम्ही घसरलात, घोटा मुरगळला, आठवड्यात सूज उतरली. आणि सूज उतरल्यावर उजवा पाय चालेनासा झाला. पाऊल पुढं टाकायला गेलं की गुडघा थरथरायचा, टाच जमिनीला चिकटायची, पाय पोत्यासारखा ओढत न्यावा लागायचा. आई चुलीपुढं बसून रडते आहे, धाकटे चुलते सोप्यात उभे राहून म्हणताहेत, "दादा, आयका माझं. म्हसवडला जाऊ. सिद्धनाथाच्या पायावर घालू तुमाला, मग बघू." आणि मी दारात दोन्ही हात पसरून उभी आहे. तो दिवस मला अजून वर्तमानातच दिसतो. मी म्हणते, "या दारातनं आबा फक्त डाक्टरकडंच जातील." चुलते म्हणतात, "बाई, तुझं भाषान मंडळाच्या स्टेजवर. घरात न्हाई." तुम्ही खुर्चीतून हसता. "जाऊ द्या रं. तिला पोचवू द्या मला कुठं पोचवायचं त्ये."

मी तुम्हाला सांगलीला आणलं. एमआरआय झाला, रक्त तपासलं, नसांची तपासणी झाली. मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली, खाली ठेवली आणि तुमच्याकडे न बघता मला म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. यांना काही झालेलं नाही. घरी न्या." रिपोर्टचं पाकीट छातीशी धरून मी जिना उतरले तेव्हा मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू. देवऋष्याला हरवल्याचा आनंद. तुम्ही एक हात कठड्यावर आणि एक माझ्या खांद्यावर ठेवून एकेक पायरी उतरत होता. तुमचा पाय तसाच होता, आणि माझ्या हातात लेखी होतं की त्याला काही झालेलं नाही.

मागं चालता येतं हा शोध तुमचा तुम्हालाच लागला. गोठ्यातून बादली ओढत आणताना तुम्ही मागं सरकू लागलात आणि पाय सुटला. थरथर नाही, ओढणं नाही, जवानासारखी साफ पावलं. तुम्ही आईला हाक मारलीत. "आगं, बघ! गाडीचे बाकीचे गिअर पडंनात, पन रिव्हर्स चालू हाय!" फौजेत ट्रक चालवलेला माणूस दुसरं काय म्हणणार? तेव्हापासून घरात, अंगणात तुम्ही मागंच चालायला लागलात, मान वळवून, एका हाताने भिंत चाचपत. शेजारची म्हातारी कुंपणावरून आईला म्हणाली, "उलट्या पायाचं कायतरी धरलंय गं तुझ्या मालकाला." गल्लीतल्या पोरी तुम्हाला बघून पळू लागल्या. त्या म्हातारीवर मी तुटून पडले. पण तुमच्याकडे बघताना माझ्याही मनात एक संशय बसला होता, आणि त्या संशयाला मी विज्ञान म्हणत होते.

बेंदराचा दिवस. बैल रंगवलेत, शिंगांना बेगड लावलंय, अंगणात पाहुणे. पुरणपोळीचं ताट बैलाला तुम्हीच द्यायचं, ही रीत. तुम्ही ताट घेतलंत, सोप्याकडून गोठ्याकडे पाठ केलीत आणि मागं मागं निघालात. एक कण सांडला नाही. पोरं टाळ्या वाजवायला लागली, "आजोबा, आजून! आजून!" पाहुण्यांपैकी कुणीतरी हसू दाबायला तोंडाला पदर लावला. मी गोठ्याच्या बाजूला बसले होते, ती उठले. घरात मी आपलीच बोली बोलायचे, त्या दिवशी मात्र तोंडातून व्यासपीठावरची भाषा आली. "आबा, पुरे झालं. मेंदू ठीक आहे, मणका ठीक आहे, नसा ठीक आहेत. रिपोर्ट माझ्या पिशवीत आहे. मागं चालता येतं तर पुढं का येत नाही? कुणाला फसवताय तुम्ही?"

आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

तुम्ही थांबलात. माझ्याकडे पाठ होती. वळायचं म्हणजे पुढं पाऊल टाकावं लागणार, म्हणून तुम्ही वळला नाहीत. तसेच म्हणालात, "मलाबी त्येच इचारायचंय, बाई. मागं येतंय तर पुढं का येत न्हाई? त्या डॉक्टरला इचारून ये की." मग आईच्या हातात ताट दिलंत.

मी विचारायला गेले नाही. विचारण्यासारखं काही उरलंय असं मला वाटलंच नाही. आणि त्या दिवसानंतर तुम्हाला मागं चालताना कुणी पाहिलं नाही. पुढं चालता येत नव्हतं, मागं चालायची मी लाज वाटायला लावली. मधे राहिली ती खुर्ची. तीन वर्षं खुर्ची, मग खाट, मग छातीत कफ. शेवटच्या दिवसांत मी शेजारी बसून तुम्हाला पेपर वाचून दाखवायचे. पायाचा विषय तुम्ही काढला नाहीत, मीही नाही.

आता इथलं सांगते. माणसांवर काही संशोधन करायचं असेल तर हॉस्पिटलला एका समितीची परवानगी घ्यावी लागते, आणि त्या समितीत एकजण डॉक्टर नसलेला, साधा नागरिक असावा लागतो. सांगलीतल्या एका हॉस्पिटलात तो साधा नागरिक मी आहे. गेल्या वर्षी आमच्यापुढं एक प्रस्ताव आला. मांडणारी डॉक्टर माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. आजाराचं नाव फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर. ती म्हणाली, मेंदूची रचना शाबूत असते, फिल्ममध्ये काही दिसत नाही, पण मेंदूचं काम बिघडतं. हालचालीवर लक्ष एकवटलं की हालचाल अडते, लक्ष दुसरीकडे गेलं की सुटते. किरकोळ दुखापतीनंतरही सुरू होऊ शकतं. "काही रुग्णांना पुढं चालता येत नाही," ती म्हणाली, "पण मागं नीट चालता येतं."

मी हातातला कप खाली ठेवला.

समितीतले वकील हसले. "मॅडम, आमच्या कोर्टात याला बनाव म्हणतात."

"सर," ती म्हणाली, "बनाव करणारा माणूस मागं चालता येतं हे सगळ्यांना दाखवेल कशाला? तो तर लपवेल."

आबा, तुम्ही लपवलं नव्हतंत. हातात ताट घेऊन भर अंगणात चालला होता. जो पुरावा मी तुमच्याविरुद्ध वापरला, तोच तुमच्या बाजूचा होता. ती पुढं सांगत होती की याच खुणेवरून निदान पक्कं करता येतं, ती खूण रुग्णालाच दाखवायची, आणि जे जमतं तिथूनच व्यायाम सुरू करायचा: आधी मागं, मग बाजूला, मग नकळत पुढं. निम्म्या रुग्णांना नेहमीचे व्यायाम, निम्म्यांना हे, कुणाला कुठले ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार. गुण येईलच असं ती म्हणाली नाही. ते तपासायचंय म्हणाली. म्हणजे तुम्ही मला जो प्रश्न देऊन पाठवत होता, तो घेऊन शेवटी कुणीतरी निघालं होतं. मी हात वर करून होकार दिला. घरी येऊन रिपोर्टचं ते जुनं पाकीट शोधलं. फिल्म एकमेकींना चिकटल्या होत्या.

काल दुपारी मी हॉस्पिटलात पाहणीला गेले होते. रुग्णाची संमती नीट समजावून घेतात की नाही, हे शेजारी बसून बघायचं. आपण मत द्यायचं नाही, कुणाला राजी करायचं नाही. समोर कवठे महांकाळकडची एक बाई, चाळिशीची, बेदाण्याच्या शेडवर कामाला जायची. डावा पाय ओढत होती. सोबत तिची जाऊ.

डॉक्टर कागद वाचून दाखवत होती तोवर जाऊ म्हणाली, "घरात कुणी नसलं की नीट चालती ही. मी सोता बघितलंय."

"बघितलंयस तर सांग की कशी चालती," ती बाई उसळली. "मलाबी शिकीव! मी काय हौसंनं लंगडती व्हय?" मग डॉक्टरकडे वळून हळूच म्हणाली, "मॅडम, मी नाटक करती असं न्हाई न्हवं लिवलंय ह्येच्यात?"

"नाही हो. उलट तसं नाही, असंच लिहिलंय."

कुठला व्यायाम वाट्याला येईल ते आधी सांगता येत नाही, कधीही सोडून जाता येतं, सगळं डॉक्टरने सावकाश सांगितलं. बाईने पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "ह्या कोण?"

जाऊच म्हणाली, "आगं, ह्यास्नी मी आयकलंय. आपल्या शाळंच्या पटांगणात बोलल्या हुत्या. भूतबीत सगळं झूट म्हणून. लय भारी बोलत्यात!"

"मग बाई, तुमी खरं सांगशिला," ती बाई म्हणाली. "हे सगळे पगारी. तुमच्या घरात झालतं का कुणाला आसं? बरं झालं का त्ये माणूस, एवढंच सांगा. मग मी सही करती."

डॉक्टर माझ्याकडे बघत होती. जाऊ बघत होती.

मी म्हणाले, "नाही. आमच्याकडे कुणाला नव्हतं."

तिने पेन खाली ठेवलं. "मग तुमाला न्हाई कळायचं," म्हणाली, कागदाची घडी पिशवीत घातली, आणि घरी विचारून येते म्हणून पाय ओढत निघून गेली. ती परत येईल की नाही, माहीत नाही. डॉक्टरने मलाच धीर दिला, की नकार देणं हा तिचा हक्क आहे, तो जपायलाच तर तुम्ही बसता. मीही घरी येईपर्यंत स्वतःला तेच सांगत होते. मी माझं काही सांगितलं असतं तर तिच्यावर दडपण आलं असतं. नियम आहे. पण मत देऊ नका असा नियम आहे. बापाला हे झालंच नव्हतं म्हणून सांगा, असा नाही. मी तिला खरं सांगायला हवं होतं: होता एक माणूस, त्याला मागं चालता येत होतं, आणि तो बरा झाला असता की नाही हे कळायच्या आत त्याच्या मुलीने त्याला खुर्चीत बसवलं.

हे का बोलले नाही, त्याचं कारण मघाशी मी वर एका ओळीत लिहिलं होतं आणि खोडलं. लिहिलं होतं की मला माझीच लाज वाटली. वाचायला ते चांगलं वाटत होतं. पण आबा, त्या खोलीत, ती जाऊ माझ्या तोंडाकडे बघत होती तेव्हा, बेंदराच्या दिवसासारखीच, मला तुमची लाज वाटली.