चाकातलं कुंकू

मामंजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्याशी बोलताना माझा हात पदराकडे जात नाही. आज नातवाने नवा ट्रॅक्टर आणला आणि पूजा आजीनेच करायची म्हणून हट्ट धरला. मी तांब्या घेऊन मागच्या चाकापाशी गेले आणि तशीच उभी राहिले. शेवटी नातसुनेच्या हातात तांब्या दिला, चक्कर येतेय म्हणून सांगितलं आणि आत येऊन हे लिहायला बसले. चक्कर वगैरे काही आलेली नाही.

आपला जुना ट्रॅक्टर आठवतो ना तुम्हाला? पन्नास सालानंतरचे ते दिवस, कागलकडून माणसं तो बघायला चालत यायची. तुम्ही तो वापरलेलाच विकत घेतला होता, पण दिमाख असा, की जणू कारखान्यातून थेट आपल्या दारात उतरलाय. सासूबाई नव्हत्या, म्हणून पूजा माझ्याकडे आली. बेंदराच्या सणाला बैलाच्या पायांवर पाणी घालतात. ट्रॅक्टरचा पाय कुठला, हे मला कोण सांगणार? मागच्या चाकाच्या मधोमध, जिथे आसाचं टोक बाहेर येतं, तिथे तो असणार असं मी ठरवून टाकलं. दर अमावास्येला दोन्ही चाकांना तिथे तांब्याभर पाणी, हळदकुंकू, अक्षता आणि वरून नारळाचं पाणी. आपला ड्रायव्हर गडहिंग्लजकडचा, बोलायला कमी. एकदा तो हळूच म्हणाला, "अक्का, मधी वतू नगासा. पानी आत मुरतंय, गंज धरतोय." मला राग आला. देवाच्या कामात हा कोण शहाणपण शिकवणारा? पुढच्या अमावास्येला मी मुद्दाम दोन तांबे ओतले.

असं तीन वर्षं चाललं. मग गडमुडशिंगीच्या एका पावण्यांना तुम्ही त्यांच्या उसाच्या बुडाला मातीची भर लावून द्यायचा शब्द दिला. त्यांच्या सऱ्या आपल्यापेक्षा रुंद, तेव्हा मागची दोन्ही चाकं आसावरून बाहेर सरकवायला हवी होती. नट ढिले करायचे, जॅक लावायचा आणि चाक ओढायचं, तासाभराचं काम हाय, असं तुम्हीच सांगून बसला होता. चाकं जागची हलेनात. एक दिवस रॉकेल सोडलं, दुसऱ्या दिवशी घण घातले. तिसऱ्या दिवशी पावणे स्वतः येऊन कट्ट्यावर बसले, त्यांच्या मागोमाग निम्मं गाव आलं. सगळे नुसते चाकाकडे बघत बसले होते, आणि तुम्हाला तेच जास्त लागत होतं.

चौथा दिवस मला अजून दिसतो. ड्रायव्हर टायरवर ओली पोती टाकतोय, आसाभोवती गोवऱ्यांचा विस्तव लावतोय. लोखंड तापल्यावर तो लाकडी ठोकळा धरतो आणि तुम्ही घण घालता. चार घाव, पाच घाव, आणि चाक कण्हल्यासारखं करून वीतभर बाहेर येतं. कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहतात. ड्रायव्हर छिन्नीने आस खरवडतो, गंजाची जाड खपली त्याच्या तळहातावर पडते. मी दारातून बघतेय. खपलीत काळे पडलेले तांदूळ आहेत आणि एका कडेला कुंकू, अजून लाल. तो मूठ मिटतो.

"ग्रीस का भरलं न्हाईस रं?" तुम्ही विचारलंत.

त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं. "चुकलं, मालक," म्हणाला.

आणि तुम्ही त्याच्या थोबाडीत मारलीत. मामंजी, तुम्ही बैलांवर ओरडायचा, पाटाच्या पाण्यावर ओरडायचा, कचेरीत साहेबावरही ओरडून आला होता. पण कुणावर हात उचललेला मी कधी बघितला नव्हता. माझ्याच कानात घुमायला लागलं. तो मात्र खाली बसला, दुसरं चाक सोडवलं, दोन्ही बाजूंचं अंतर सुतळीने मोजून सारखं केलं, नट आवळले, हात धुतले. मग घोंगडं खांद्यावर टाकून एसटीच्या रस्त्याला लागला. मी केलेला चहा चुलीपाशी तसाच राहिला. तुम्ही त्याला थांबवलं नाहीत आणि मीही तोंड उघडलं नाही.

पुढच्या अमावास्येला मी तांब्या घेऊन चाकाजवळ वाकले होते. तुम्ही बाजेवर पान लावत होता. मान वर न करता म्हणालात, "पोरी, पानी टायरावर घाल. मधी नगं."

मी तांब्या टायरावर रिकामा केला. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मारण्याआधी कळलं होतं, की नंतर? आधी असेल तर तुम्ही पावण्यांसमोर सुनेचं नाव निघू नये म्हणून एका भल्या माणसाला मारलंत. नंतर असेल तर गडहिंग्लज काही विलायतेत नव्हतं, तुम्ही जाऊ शकला असता. त्यानंतर आठ वर्षं मी तुम्हाला रोज ताट वाढलं आणि विचारलं नाही. आता तरी खरं सांगते. ती थोबाडीत बसली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की बरं झालं, माझं नाव नाही आलं. त्याच्यासाठी वाईट वाटलं ते नंतर, बरंच नंतर.

हा कागद मी तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. पण नातसून तिथे रोज पुसते, आणि तिला लिहिलेलं दिसलं की वाचायची खोड आहे. आपल्या जुन्या ट्रॅक्टरची चाकं ड्रायव्हरने ग्रीस न भरल्यामुळे अडकली होती, असं ती कौतुकाने सगळ्यांना सांगते. तिला ते मीच सांगितलं आहे.