चौदा तारखेच्या आत

प्रिय विमल,

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र मंजिरीच्या हाती देतोय. आई-बापांमध्ये निरोप पोचवायची सवय पोरीला आता झालीच आहे. पॉइंट कुकला लेकीच्या घरी तू बरी असशील. शहराच्या दुसऱ्या टोकाला, डँडेनॉन्गची माझी खोली ठीक आहे. सकाळी उठून पांघरुणाची घडी अजून पलटणीतल्यासारखीच घालतो. तपासायला कोणी येत नाही.

परवा तुझी जुनी पत्रं काढली. सव्वीस वर्षं मी सीमेवर आणि तू साताऱ्यात. मंजिरीचा टायफॉइड, माझ्या आईचं अंथरूण, पावसात उडालेले पत्रे, सगळं एकटीने निस्तरलंस आणि प्रत्येक पत्रात लिहिलंस, इकडे सर्व ठीक. मीही ते खरं मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. रिटायर होऊन घरी आलो तो सुभेदार म्हणूनच. तुझे स्वयंपाकघरातले डबेसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभे केले. तू हसलीस, आणि मला वाटलं, शिस्त आवडली.

मंजिरीमागे आपण इथे परदेशात आलो, त्यानंतरचा तिच्या अंगणातला तो बार्बेक्यू तू विसरली नसशीलच. चार पाहुण्यांसमोर मी म्हणालो, पेन्शन मी कमावलंय, ही तर घरातच बसून होती. तू सगळ्यांची ताटं वाढलीस, भांडी घासलीस आणि दुसऱ्या दिवशी सांगितलंस, मला वेगळं राहायचंय, अर्धं पेन्शन द्या. घटस्फोट तू मागितला नव्हतास. तो अर्ज मी रागाने केला. अर्धं हवंय ना, मग सगळंच तोडू, असा माझा हट्ट. त्या अर्ध्यासाठी वर्षभर वकिलामार्फत तुझ्याशी भांडलो. शेवटी दरमहा अर्धं द्यायचं कबूल केलं, तेही उपकार केल्यासारखं. लाज वाटते विमल, खरंच लाज वाटते.

गेल्या महिन्यात कोर्टात आपलं नाव निघालं तेव्हा तूही नव्हतीस, मीही नव्हतो. यायची गरज नाही म्हणाले. अडतीस वर्षांचा संसार आपल्या गैरहजेरीत मोडला. त्याच महिन्यात पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला होता. दरवर्षी तू गाडीने भारतीय वकिलातीत न्यायचीस, यंदा ट्रेनने गेलो. कागद चाळताना पेन्शनच्या फाइलमधला आपला जोडफोटो सापडला. साताऱ्याच्या स्टुडिओत मी तुला दटावलं होतं, सरकारी फोटो आहे, हसू नकोस. तू ओठ घट्ट मिटून बसलीस. किती छान दिसायचीस हसताना, आणि एकाही फोटोत मी ते राहू दिलं नाही.

आता मुद्द्याचं. दाखल्यावर मी जिवंत असल्याचा शिक्का बसला आणि चारच दिवसांनी रिपोर्ट आला. दिवाळीपासून पोट दुखत होतं, ते स्वादुपिंडाचं आहे आणि पसरलंय. डॉक्टर महिन्यांत बोलतात, वर्षांत नाही. रिपोर्ट सोबत ठेवलाय, म्हणजे हे नाटक वाटायला नको. ज्या अर्ध्यासाठी आपण भांडलो ते माझ्याबरोबरच बंद होईल. माझ्यामागे फॅमिली पेन्शन मिळतं ते फक्त बायकोला, त्या फोटोतल्या बाईला, आणि घटस्फोट पक्का झाला की ती तू राहत नाहीस. गुडघ्यांमुळे तुझी चाइल्डकेअरची नोकरी सुटली, हातात दुसरं काही नाही. इथे निकालानंतर महिनाभराने घटस्फोट पक्का होतो, आपला होतोय चौदा तारखेला. त्याआधी तो एकाच वाटेने रद्द होतो. आपली दिलजमाई झाली, असं दोघांनी कोर्टाला लिहून द्यायचं. माझी सही केलेला कागद सोबत आहे. माझ्या बाजूने त्यात खोटं काही नाही. खोटं बोलावं लागेल ते तुला, आणि ट्रेनच्या भाड्याचं मायकी कार्ड टॅप करायचं राहिलं म्हणून पुढच्या स्टेशनवर उतरून परत जाणारी बाई तू. तू सही करणार नाहीस, हे जवळजवळ ठाऊक असूनच लिहितोय. मला भेटू नकोस, माफही करू नकोस. सव्वीस वर्षं माझ्यासाठी लिहिलंस, इकडे सर्व ठीक. आता एकदा स्वतःसाठी लिही.

चौदा तारखेपर्यंत तरी तुझाच,
दत्तात्रय