न वाकलेली सून

साकिश वन्सं,

नातवाला पाळण्यात घातलं त्या जेवणात माझी सून नाझिरा रिवाजाप्रमाणे तुमच्यापुढे वाकली नाही. तुम्ही मटण तसंच टाकून उठलात आणि गावभर सांगत सुटलात, "उम्सुनायच्या सुनेला माज आलाय." पोरीनं माहेरी जायला गाठोडं बांधलं.

माज नाही हो तो. बाळंतपणापासून वाकलं, खोकलं, हसलं की तिला थोडी लघवी होते. गालिच्यावर चारचौघांत झाली असती तर? म्हणून ती ताठ उभी राहिली.

मी म्हटलं, "अगं, मलाही तेच होतं. तुझे सासरे होते तेव्हा त्यांच्या थट्टेपायी किती सलवारी धुतल्यात मी!" तशी ती खदखदून हसली आणि लगेच आत पळाली. गाठोडं सुटलं.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगितलं, लघवी रोखताना आवळतो तसं आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं. तीन महिने आम्ही दोघी रोज तीनदा घोडीचं दूध काढताना तेच करतोय. दोघींची तोंडं इतकी गंभीर, की घोडीसुद्धा वळून बघते.

काल नाझिरा माझ्यापुढे पूर्ण वाकली, उठली आणि कानात म्हणाली, "आई, कोरडी!"

हे पत्र मी धाडणार नाही, कारण तिचं कुणाला सांगणार नाही असा तिला शब्द दिलाय. रविवारी तीच येईल तुमच्यापुढे वाकायला. मीही येतेय, फक्त माझं सांगायला. पाच लेकरं झालेल्या तुम्ही, शिंक आली की गुडघे का आवळता ते कळलंय मला. घोडी तुमच्याकडेही आहेच.

तुमची आगाऊ भावजय,
उम्सुनाय